आधी अंगरक्षक, मग सत्ता

इ.स.पू. 561च्या सुमारास पिसिस्ट्राटस रक्ताळलेल्या अंगानं, जखमी खेचरांचा गाडा हाकत अथेन्सच्या भर बाजारात शिरला. शत्रू जिवावर उठलेत, कसाबसा वाचलो, असं त्याचं म्हणणं. जखमा त्यानं स्वतःच करून घेतल्या होत्या, असं हेरोडोटस सांगतो. पण मेगाराविरुद्धच्या लढाईत नाव कमावलेला हा गडी लोकांचा लाडका. सभेनं रीतसर ठराव करून त्याला रक्षक दिले. तेही भालेवाले नव्हेत, सोटेवाले. सोट्यांना कोण भितो! त्याच सोटेवाल्यांच्या बळावर त्यानं ॲक्रोपोलिस घेतलं. अथेन्सला कायदे देणाऱ्या म्हाताऱ्या सोलोननं विरोध करून पाहिला, कुणी ऐकेना, तेव्हा आपली शस्त्रं दाराबाहेर नेऊन ठेवली. पुढं पिसिस्ट्राटसनं कायदे, अधिकारपदं तशीच राहू दिली आणि कारभारही चांगला केला. मला वाटतं, या युक्तीला अब्रू मिळाली ती त्यामुळंच.

तिला खरी धार लावली सिराक्यूजच्या डायोनिसियसनं. इ.स.पू. 406मध्ये कार्थेजनं सिसिलीतलं आक्रागास जिंकलं, तेव्हा ऐन पंचविशीतला डायोनिसियस भर सभेत सेनापतींना फितूर म्हणाला. बोलण्याचे नियम मोडले म्हणून दंड झाला. फिलिस्टस नावाच्या धनिकानं तो तिथंच भरला आणि दिवसभर दंड होवो, मी भरतो, तू बोल, असं बजावलं. (शेठजींवाचून ही नाटकं उभी राहत नाहीत.) सेनापती गेले, नव्यांत डायोनिसियस आला, मग ते नवेही फितूर ठरले आणि तो एकटाच उरला. सैनिकांचा पगार दुप्पट झाला. शेवटी हल्ल्याचा बनाव. त्यासाठी जागा निवडली लिओंटिनी, कारण तिथं परागंदा आणि परके लोक भरले होते. सिराक्यूजचे जाणते नागरिक तिथवर येणं अवघड. मंजुरी मिळाली 600 रक्षकांची, त्यानं नेमले हजारावर. पुढं 38 वर्षं तोच.

ॲरिस्टॉटल 'वक्तृत्वशास्त्रा'त दाखल्यावरून अनुमान कसं काढावं ते शिकवताना हीच साखळी देतो: पिसिस्ट्राटसनं आणि मेगाराच्या थिआजेनीसनंही आधी रक्षक मागितले, मग सत्ता घेतली, म्हणून रक्षक मागणाऱ्या डायोनिसियसचा हेतू उघड आहे.

विसाव्या शतकात इटलीच्या मुसोलिनीला रक्षक मागायचीही गरज पडली नाही. काळ्या शर्टातल्या टोळ्या त्याच्याकडे होत्याच. 1923मध्ये त्यांना सरकारी मिलिशिया करून त्यानं खर्च तेवढा खजिन्यावर टाकला. तेव्हा तो राजानं नेमलेला, संसदेचं विश्वासमत मिळवलेला पंतप्रधान होता.