बेथेलची गीते आणि सावरगावचा दाखला

आमच्या राणीसावरगावच्या मांगवाड्यात चर्च नव्हते, पाळक नव्हता. ख्रिस्ती गीतांचे एक पुस्तक मात्र होते. ते आजीचे. तिचे माहेर जालन्याकडचे. उन्हाळ्यात ती मला माहेरी नेई. गंगाखेडला रेल्वेत बसायचे, परभणीला गाडी बदलायची. तिथे रविवारी सकाळी शब्बाथ शाळा भरे. बायबलातल्या गोष्टी मी बऱ्याचशा विसरलो. गीते विसरलो नाही. मेंढपाळाचे गीत, नाताळचे गीत, आणि सर्वांत आवडते ते संध्याकाळच्या प्रार्थनेचे, कारण त्याची चाल आजीच्या जात्यावरच्या ओवीसारखी वाटे. गंगाखेड हे जनाबाईचे गाव. आजी दळता दळता जनाबाईवरून येशूवर कधी येई, ते तिलाही कळत नसे.

या गीतांना इतिहास आहे, आणि आपल्या साहित्यचर्चेत तो फारसा येत नाही. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढे १८६० नंतरच्या काळात त्यांनी जालन्यास काम सुरू केले. तो निजामाचा मुलूख. सालारजंगांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वसाहत उभी केली, ती मुख्यतः ख्रिस्ती झालेल्या मांग-महारांसाठी. ज्यांना गावकुसाबाहेर जन्म काढायचा होता त्यांना स्वतःचे गाव मिळाले. त्या गावात गाणे आले.

गाणे कोणते, हा खरा प्रश्न. मिशनऱ्यांनी विलायती चालींवर मराठी शब्द बसवले होते. ती गीते म्हणताना शब्द ओढूनताणून लांबवावे लागत. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी देशी चालींत पदे रचली. त्यांचे एक पद इंग्रजीत जाऊन आपल्या मूळ चालीसह अमेरिकेतल्या गीतसंग्रहांत छापले गेले. नंतर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आले. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि त्यांच्या गीतांतून ते दिसते. पंढरपूरचे दार आमच्यासाठी साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये उघडले. आजीच्या माणसांना अभंगाचा ठेका ख्रिस्ती मंडळीत मिळाला होता. ही गोष्ट मी लहान मानीत नाही.

पण त्याच गीतांविषयी एक तक्रारही आहे. मी शिकलो त्या बहुतेक गीतांत पापाची कबुली होती. मी पापी, मी अपात्र, मला पदरी घे. टिळकांसारख्या चित्पावनाने स्वतःस अपात्र म्हणणे म्हणजे अहंकार सोडणे. मांगवाड्यातल्या बाईने तेच म्हणावे, तर ती गावाने सांगितलेलेच पुन्हा म्हणते. तिने कोणते पाप केले होते? जोतिबांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांगाची मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये मिशनच्याच ‘ज्ञानोदया’त छापला गेला. तिने कबुली दिली नाही; आमचा धर्म कोणता, असे थेट देवालाच विचारले. पुढे टिळकांनी याच पत्राच्या संपादनात काम केले. पण मुक्ताचा प्रश्न माझ्या पाठ असलेल्या एकाही गीतात नाही. अस्पृश्यांना बाप्तिस्मा दिला, पण त्यांच्यावरील सामाजिक अन्यायाविरुद्ध चर्च उभे राहिले नाही, अशी टीका बाबासाहेबांनी केली होती. मला ती गीतांनाही लागू वाटते.

देशाचा कायदाही या माणसांच्या बाजूने नव्हता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढावी असे सुचवले. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. घरातल्या घरात याचा अर्थ एवढाच होता की माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ लिहिले होते आणि आजीच्या ओठांवर येशू होता. त्या दाखल्यावरच मी शिकलो, शिष्यवृत्ती घेतली, आज महाविद्यालयात शिकवतो.

मी बारावीला असताना जात पडताळणीसाठी घरी चौकशीस माणसे येणार होती. आदल्या रात्री वडिलांनी गीतपुस्तक ज्वारीच्या कणगीत घातले. माणसे आली, देव कोणता, लग्न कोणत्या पद्धतीने लावता, असे विचारून गेली. आजी दिवसभर जात्याशी गप्प बसून होती. संध्याकाळी तिने मला हाक मारली. “सायब गेले का रं? म्हणू का आता?”

ते पुस्तक आता माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर तिचे नाव आणि तिच्या माहेरच्या मंडळीचा शिक्का होता. कणगीत ठेवण्याआधी वडिलांनी ते पान फाडले होते.