तारकावर्ण व अभ्रिकांचे छायाचित्रण

तारकावर्ण व अभ्रिकांचे छायाचित्रण : अभ्रिकेसारख्या मंद व विस्तृत खस्थ पदार्थाचे छायाचित्र घेताना त्याच क्षेत्रातील ताऱ्यांचे स्वाभाविक रंगही टिकवून ठेवणे, हा हौशी खगोलीय छायाचित्रणातील एक जुना प्रश्न होय. अभ्रिका उठून दिसावी म्हणून जे जे करावे लागते, त्यातील बहुतेक गोष्टी ताऱ्याचा रंग नाहीसा करणाऱ्या असतात. म्हणूनच तेजस्वी तांबड्या अभ्रिकेवर पांढरे ठिपके विखुरलेले आहेत, अशी चित्रे फार मोठ्या संख्येने आढळतात.

ताऱ्याचा रंग हा त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा निदर्शक आहे. मृग नक्षत्रातील काक्षी या ताऱ्याचे पृष्ठीय तापमान सु. ३,५०० के. असून तो नारिंगी-तांबूस दिसतो. त्याच नक्षत्रातील राजन्याचे तापमान सु. १२,००० के. असून तो निळसर पांढरा आहे. सूर्याचे तापमान ५,७७२ के. आहे. सूर्याचे प्रारण हिरव्या रंगाच्या आसपास महत्तम असले, तरी ते सर्वच रंगांत पसरलेले असल्यामुळे डोळ्यास पांढरे भासते, आणि याच कारणामुळे आकाशात हिरवा तारा दिसत नाही. तेजस्वी ताऱ्यांतील हा वर्णभेद प्राचीनांच्याही लक्षात आला होता. रोहिणी या नावातच तांबूस रंगाचा निर्देश आहे. मंद ताऱ्यांच्या बाबतीत मात्र डोळ्याचा उपयोग होत नाही, कारण अंधुक प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी निष्क्रिय असतात.

अभ्रिकेचा प्रकाश मुळातच वेगळ्या जातीचा आहे. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिंझ यांनी कालेय तारकासमूहातील एका अभ्रिकेचा वर्णपट पाहिला. ताऱ्याप्रमाणे अखंड पट्टा दिसण्याऐवजी त्यांना मोजक्याच तेजस्वी रेषा आढळल्या व त्यांतील सर्वांत ठळक रेषा हिरव्या भागात होती. ही रेषा पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्यामुळे ‘नेब्युलियम’ नावाचे एक मूलद्रव्य कल्पिण्यात आले. नॉर्मन लॉक्यर यांचे मत निराळे होते. अभ्रिका म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे असून हिरवी रेषा ही मॅग्नेशियमामुळे उमटणाऱ्या एका पट्टाची कडा होय, असे प्रतिपादन त्यांनी केले.

या वादात पुण्याचा संबंध आला तो असा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील भौतिकीचे अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांच्या प्रयत्नांमुळे भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी ज्योतिषशास्त्रीय उपकरणांसाठी ५,००० रुपयांची देणगी दिली व तेवढीच रक्कम मुंबई सरकारने घातली. नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. उपकरणांची निवड करताना त्यांनी ज्यांचा सल्ला घेतला, त्यांत लॉक्यर हेही होते. पुढे ही योजना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आली आणि १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा कार्यान्वित झाली. डब्लिन येथील ग्रब यांनी बनविलेला तेथील परावर्तक दूरदर्शक पुढे २० इंची (सु. ५१ सेंमी.) म्हणून प्रसिद्धीस आला, तो त्या काळी भारतातील सर्वांत मोठा होता. १८९१ मध्ये नायगमवाला यांनी मृगातील अभ्रिकेचा वर्णपट तपासला. लॉक्यर यांचे म्हणणे खरे असते, तर हिरव्या रेषेची एक बाजू रेखीव व दुसरी विरळ होत गेलेली दिसावयास हवी होती. पुण्याहून ती सर्व परिस्थितींत रेखीवच दिसली. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धांतास बाधक असा निष्कर्ष तिच्या पहिल्या महत्त्वाच्या कामातून निघाला व नायगमवाला यांनी तो प्रसिद्धही केला. या गोष्टीची जितकी दखल घेतली जावयास हवी होती, तितकी घेतली गेलेली नाही. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडईकानलला हलविण्यात आली. हिरव्या रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोएन यांनी सोडविले. अत्यंत विरळ वायूत दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनाच्या अणूंपासून ५००·७ व ४९५·९ नॅनोमीटर या तरंगलांब्यांचा प्रकाश निघतो, असे त्यांनी दाखविले.

सारांश, अभ्रिकेचा रंग दोनचार रेषांत एकवटलेला, तर ताऱ्याचा रंग संपूर्ण वर्णपटात पसरलेला असतो. मोठ्या दूरदर्शकातून मृगातील अभ्रिका हिरवट दिसते, कारण डोळ्याची रात्रीची संवेदनक्षमता हिरव्या रेषेच्या जवळपासच महत्तम असते. छायाचित्रात ती तांबडी दिसते, कारण तेथे हायड्रोजनाची ६५६·३ नॅनोमीटरची रेषा प्रभावी ठरते. यांपैकी खरा रंग कोणता, हा प्रश्न फारसा अर्थपूर्ण नाही. ताऱ्याच्या बाबतीत मात्र तो अर्थपूर्ण आहे, कारण तेथे रंगाचे उत्तर तापमानाशी ताडून पाहता येते.

अभ्रिकेचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले. ते मृगातील अभ्रिकेचेच होते. १८८३ मध्ये ए. ए. कॉमन यांनी त्याच अभ्रिकेचे जे छायाचित्र घेतले, त्यात डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले होते. त्या काळच्या छायाचित्रण काचांवरील पायस निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील असे. परिणामी काक्षीसारखा तारा निळ्या प्रकाशात डोळ्याला दिसतो त्यापेक्षा जवळजवळ दोन प्रती, म्हणजे सु. पाचपट मंद उमटे. हा दोष पुढे गुण ठरला. छायाचित्रीय प्रत व दृश्य प्रत यांतील फरकालाच वर्णांक म्हणण्यात येऊ लागले आणि कृष्णधवल काचांवरून ताऱ्याचा रंग अंकांत मांडता आला. १९५३ मध्ये जॉन्सन व मॉर्गन यांनी प्रमाणित गाळण्यांच्या साहाय्याने ही पद्धती पक्क्या पायावर आणली.

रंगीत फिल्म आली तरी प्रश्न सुटला नाही. तीत निरनिराळ्या रंगांना संवेदनशील असे तीन थर असतात. मंद प्रकाशात दीर्घकाळ उद्‌भासन केले की प्रत्येक थराची संवेदनक्षमता वेगवेगळ्या प्रमाणात घटते व सर्व चित्रावर खोट्या रंगाची छटा येते. पालोमार वेधशाळेचे छायाचित्रकार विल्यम मिलर यांनी या घटीचे मापन करून दुरुस्त्या केल्या. त्यांची अभ्रिकांची रंगीत छायाचित्रे १९५९ मध्ये लोकांपुढे आली. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अधिक विश्वसनीय मार्ग धरला. निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशात तीन स्वतंत्र कृष्णधवल काचा उद्‌भासित करून त्यांचा अंधारखोलीत संयोग करण्याची ही पद्धती तत्त्वतः जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये दाखविलेलीच होती. मॅलिन यांची आणखी एक युक्ती साध्या साधनांच्या हौशी निरीक्षकाला अधिक मोलाची आहे. कॅमेरा स्थिर ठेवून मृग नक्षत्राचे दीर्घ उद्‌भासन चालू असताना त्यांनी भिंगाची नाभीयता ठराविक काळाने टप्प्याटप्प्याने बिघडवत नेली. त्यामुळे प्रत्येक ताऱ्याची रेघ क्रमाने रुंदावत जाऊन तिच्यावर पडणारा प्रकाश विरळ झाला, आणि ज्या टप्प्यावर तो फिल्मच्या मर्यादेत आला तेथे काक्षीचा नारिंगी व राजन्याचा निळसर रंग स्पष्ट उमटला.

हीच गोष्ट आजच्या अंकीय संवेदकालाही लागू पडते. संवेदकाच्या प्रत्येक सूक्ष्म घटकात ठराविक संख्येनेच इलेक्ट्रॉन साठू शकतात. अभ्रिकेसाठी काही मिनिटांचे उद्‌भासन दिले, की तेजस्वी ताऱ्याखालील घटक पहिल्या काही सेकंदांतच भरून जातात. तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही मार्ग आपापल्या कमाल मर्यादेला पोहोचले म्हणजे त्यांतील गुणोत्तर नाहीसे होते व तारा पांढरा होतो. एकदा गेलेली ही माहिती नंतरच्या कोणत्याही संस्कारणाने परत मिळत नाही. रंग शिल्लक राहतो तो ताऱ्याच्या प्रतिमेच्या कडेला. दुसरी हानी संस्कारणात होते. मंद अभ्रिका दिसावी म्हणून तेजस्वितेची श्रेणी ताणताना तिन्ही रंग स्वतंत्रपणे ताणले, तर तेजस्वी ताऱ्यांचे तिन्ही आकडे एकमेकांजवळ येतात. लप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुचविलेल्या रीतीत एकूण तेजस्विता ताणून रंगांचे परस्पर गुणोत्तर मात्र कायम राखले जाते. तेव्हा उपाय दोन : ताऱ्यांसाठी अल्पकालीन उद्‌भासने वेगळी घेणे व ताणताना गुणोत्तर सांभाळणे. दोन्ही सोपे आहेत, पण दोन्हींना रात्रीचा थोडा वेळ द्यावा लागतो आणि तोच देण्याची टाळाटाळ होते.

पुण्यातील निरीक्षकांना त्यासाठी शहर सोडावे लागते. नायगमवाला यांनी शहरात बसूनच अभ्रिकेचा वर्णपट अभ्यासला. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आरंभीच्या सभासदांनाही शहराचे आकाश आजच्यापेक्षा पुष्कळच काळोखे लाभले होते. आज रस्त्याने ५०–६० किमी. दक्षिणेस व नैर्ऋत्येस असलेला भोर–वेल्हे हा डोंगराळ प्रदेश निरीक्षकांना जवळचा वाटतो. तोरणा (सु. १,४०० मी.), राजगड व रायरेश्वर यांच्या रांगांमुळे दऱ्यांतील गावांना क्षितिजालगतच्या उजेडापासून काहीसा आडोसा मिळतो. हे आकाश संपूर्ण काळोखे नव्हे. भोरहून पाहता पुण्याची प्रभा उत्तरेस व शिरवळची पूर्वेस दिसते. वेल्ह्याहून पुणे ईशान्येस येते. दक्षिणेकडचे आकाश त्या मानाने चांगले असून सुदैवाने पाहण्याजोग्या अभ्रिका त्याच बाजूस अधिक आहेत. या अक्षांशावर (सु. १८° उ.) मध्यमंडलावर असताना मृगातील अभ्रिकेचा उन्नतांश सु. ६६° व धनू राशीतील लगून अभ्रिकेचा सु. ४७° असतो. नौकातलातील मोठी अभ्रिका मात्र जेमतेम १२° वर येते. एवढ्या कमी उंचीवर प्रकाशाला वातावरणाचा चौपटीहून अधिक जाड थर ओलांडावा लागतो व त्यात निळा भाग जास्त शोषला व विखुरला जात असल्याने तेथील सर्वच तारे वाजवीपेक्षा तांबूस उमटतात.

ऋतुमानाचाही येथे विचार करावा लागतो. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. तथापि भाटघर धरणाच्या जलाशयालगत व नदीखोऱ्यांत उत्तररात्री धुके व दव यांचा उपद्रव होतो आणि भिंगावर दव धरले की ताऱ्यांभोवती पांढरट वलये येतात. फेब्रुवारीपासून पुढे डोंगरउतारांवर वणवे लागतात व भातशेतीसाठी राब भाजले जातात. त्या धुरातून घेतलेल्या चित्रांतील ताऱ्यांचे रंग तुलनेसाठी वापरू नयेत.

शहरी उजेड टाळण्यासाठी गाळण्या वापरण्याची प्रथा आहे. रस्त्यांवर सोडियमाचे दिवे होते तोवर ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा भाग अडविणारी गाळणी पुष्कळ उपयोगी पडे, मात्र ती ताऱ्यांचा पिवळा रंगही काढून टाकी. पांढरे एलईडी दिवे आल्यानंतर तिचा उपयोग घटला, हानी मात्र तेवढीच राहिली. केवळ हायड्रोजन, ऑक्सिजन व गंधक यांच्या रेषा जाऊ देणाऱ्या अरुंद गाळण्यांनी शहरातूनही अभ्रिका टिपता येते. १९९५ मध्ये हबल दूरदर्शकातून घेतलेल्या गरुड अभ्रिकेतील स्तंभांच्या चित्रामुळे ही रीत लोकप्रिय झाली. त्या चित्रातील रंग हे मूलद्रव्यांचे वाटप दाखविणारे संकेत आहेत. त्याच पद्धतीच्या हौशी चित्रांत तारे जांभळट गुलाबी येतात, आणि तसा तारा निसर्गात नाही. अशा चित्राला नकाशा म्हणावे. त्याखाली स्वाभाविक रंग असे लिहिणे दिशाभूल करणारे आहे. अभ्रिका अरुंद गाळणीतून व तारे साध्या तीन गाळण्यांतून घेऊन नंतर दोहोंचा संयोग करण्याची अलीकडील रीत ग्राह्य आहे, मात्र तसे केल्याचा उल्लेख चित्रासोबत असावा.

रंगांचा तोल कशाच्या आधारे साधावा, याविषयी मतभेद आहेत. काही निरीक्षक सूर्यसदृश ताऱ्याला पांढरा मानतात, तर काही सर्पिल दीर्घिकांच्या सरासरी प्रकाशाला. गाया उपग्रहाच्या २०१८ च्या सूचीत १३० कोटींहून अधिक ताऱ्यांचे रंग मोजून दिलेले असल्यामुळे हा वाद पुष्कळसा गौण झाला आहे. चित्रातील शेकडो ताऱ्यांचे रंग या सूचीशी ताडून सर्व चित्राची दुरुस्ती संगणकावर करता येते. एका ताऱ्यावर विसंबण्यापेक्षा हे निश्चितच बरे.

भोर–वेल्हे भागातून या सर्व गोष्टींची कसोटी पाहण्यास ज्येष्ठा ताऱ्याच्या परिसराइतके योग्य क्षेत्र दुसरे नाही. मार्चअखेरीस पहाटे चारच्या सुमारास ज्येष्ठा मध्यमंडलावर सु. ४५° उंचीवर असते. सु. ३,६०० के. तापमानाच्या या ताऱ्याभोवतीची धूळ त्याचाच पिवळसर नारिंगी प्रकाश परावर्तित करते. शेजारच्या भुजंगधारीतील ऱ्हो ताऱ्याभोवतीची धूळ निळी दिसते, आणि पलीकडे हायड्रोजनाचा तांबडा प्रकाशही आहे. येथे अभ्रिकेचा रंग बऱ्याच अंशी ताऱ्याचाच असल्यामुळे एकाचा तोल चुकला की दुसऱ्याचा चुकतो व ती चूक लगेच नजरेस येते. वणव्याचा धूर नसेल अशी रात्र मात्र त्या दिवसांत निवडून घ्यावी लागते.