मोटेचा नाडा आणि विमानाचा दांडा

सावदा-फैजपूरच्या केळीच्या मुलखात आज बटण दाबले की विहिरीचे पाणी बागेत येते. पण ज्यांनी मोट हाकली आहे, निदान वडीलधाऱ्यांना हाकताना पाहिले आहे, त्यांना नाड्याची गंमत ठाऊक असेल. मोट भरून आली की अर्धीच आली, हे नाड्यावर बसलेल्या मोटकऱ्याला विहिरीत न डोकावताही कळे. बटण तेवढे सांगत नाही. विहीर आटली, पंप कोरडा फिरू लागला, तरी बटण आपले तसेच! विमानाच्या इतिहासातही नेमका हाच फेरबदल घडला आहे.

अमेरिकेत राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडवले, तेव्हा चालक पालथा निजलेला असे. कमरेखाली एक पाळणा, त्याला तारा बांधलेल्या. कंबर सरकवली की पंखांची टोके पिळली जात व विमान कलत असे. पुढे पंखांना हलत्या झडपा आल्या, चालकाच्या हाती दांडा आला. मधली तार आणि कप्पी मात्र राहिली. वारा झडपेवर आदळला की त्याचा जोर दांड्यात जाणवे. वेग फार उतरला तर दांडा ढिला पडे, आणि चालक सावध होई.

वेग वाढत गेला, तसा हा जोर मनगटाला आवरेना. मग तेलाच्या दाबाची मदत घ्यावी लागली. आपल्या शेजारी, नाशिकजवळ ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना निघाला. तेथे बनलेल्या मिग-२१ मध्ये दांड्यापासून धातूच्या सळ्या मागे जात, पण शेपटी हलवण्याचा जोर तेलाचे यंत्र लावी. म्हणजे खरी ओढ हातातून तेव्हाच गेली होती. तिच्या जागी स्प्रिंग बसवून खोटी ओढ तयार करावी लागे, कारण तिच्यावाचून माणसाचा हात आंधळा होतो.

पुढे सळीही गेली. १९७२ साली नासा या अमेरिकन संस्थेने एका लढाऊ विमानात अपोलो यानाचा संगणक बसवला. दांडा हलला की विजेचा संकेत संगणकाकडे जाणार, आणि झडप किती हलवायची ते संगणक ठरवणार. तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? वजन वाचते हे खरे, पण त्याहून मोठे कारण आहे. चपळ लढाऊ विमान मुद्दामच अस्थिर घडवतात, बोटावर काठी तोलावी तसे. ते क्षणोक्षणी सावरायला माणसाचा हात पुरा पडत नाही.

आपले तेजस याच जातीचे. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. त्याच्या नियंत्रणावर तेथे काम करणारे आपले तंत्रज्ञ परत आले, आणि उरलेले काम बेंगळुरूत पुरे झाले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते प्रथम उडवले. त्यात एकच हिशेब चार ठिकाणी होतो. एकाचे उत्तर जुळले नाही तर उरलेले त्याला बाजूला सारतात. पंचायतच म्हणा ना!

प्रवासी विमानांची गोष्ट मात्र दुःखाची आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बेंगळुरूला जाणारे इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. १४६ जणांतले ९२ दगावले. इंजिने मंद चालली होती, वेग उतरत होता, आणि ते वेळेवर ध्यानात आले नाही. चौकशीत ठपका वैमानिकांवर आला. पण त्या विमानात संगणक इंजिन सांभाळत असताना हाताखालचे दांडे हलत नाहीत. इतर कित्येक विमानांत ते आपोआप पुढेमागे होतात. चूक माणसाची खरी, तरी नाडा हातात असता तर ती लवकर कळली नसती का, असे मला राहून राहून वाटते.

ओझरच्या कारखान्यात २००४ पासून सुखोई-३० बनू लागले; तेही विजेच्या तारेवर चालणारे. मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाचा निरोप घेतला. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, त्याच ओझरला बांधलेले पहिले तेजस आकाशात गेले.