शनिवारचा मुहूर्त

हॅरी पॉटरच्या नव्या भागासाठी मध्यरात्री दुकानांबाहेर लागलेल्या रांगा म्हणजे प्रकाशकांनी रचलेला तमाशा, असं सर्रास म्हटलं जातं. तारखा नीट पाहिल्या तर हा मुहूर्त हौसेपेक्षा नाइलाजातून निघाला असं दिसतं. पहिलं पुस्तक ब्रिटनमध्ये ब्लूम्सबरीने जून 1997 मध्ये काढलं, अमेरिकेत ते स्कोलॅस्टिककडून सप्टेंबर 1998 मध्ये आलं. दोन देशांचे हक्क दोघांकडे असले की असं अंतर पडायचंच, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दुसरा भाग 2 जुलै 1998 ला ब्रिटनमध्ये निघाला आणि गणित फिसकटलं. चटक लागलेले अमेरिकन वाचक इंटरनेटवरून थेट ब्रिटिश प्रत मागवू लागले. अशी प्रत घरी पोचली की स्कोलॅस्टिकचं एक गिऱ्हाईक गेलंच. त्यांनी आपली तारीख सप्टेंबर 1999 वरून जूनवर ओढली. तिसऱ्या भागाच्या वेळी अंतर दोन महिन्यांवर आलं. चौथा भाग 8 जुलै 2000 ला दोन्हीकडे एकदमच निघाला.

एकाच वेळी प्रकाशन ही काही नवी गोष्ट नाही, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. 1891 च्या कायद्यानंतर अमेरिकेत कॉपीराइट मिळवायचा तर ब्रिटिश प्रकाशकांनाही तारखा जुळवाव्या लागत. पण तेव्हा धास्ती चोरट्या छपाईची होती, इथे अधिकृत प्रतच घात करत होती. मग मध्यरात्रच कशाला? तिसरा भाग ब्रिटनमध्ये गुरुवारी दुपारी पावणेचारला विक्रीला आला. मुलांनी शाळा बुडवू नये, हे कारण दिलं गेलं. चौथ्यासाठी शनिवार निवडला, त्यामुळे ती अडचणच उरली नाही आणि तारीख लागताच, मध्यरात्रीच, विक्री सुरू करता आली. पुढचे तिन्ही भाग शनिवारीच आले. गाजावाजा झाला, त्याचा फायदाही प्रकाशकांनी पुरेपूर उपटला, पण तो वरकड. लेखिकेच्या गतीपुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही: पाचव्या भागासाठी 2003 उजाडलं. वर्ष तिच्या हाती, वार यांच्या.

या बंदोबस्तातून अनुवाद तेवढे बाहेर राहिले. मजकूर आधी फुटू नये म्हणून अनुवादकांनाही इंग्रजी पुस्तक निघेपर्यंत थांबावं लागे. पाचव्याचा फ्रेंच अनुवाद डिसेंबरात आला. तोवर फ्रान्समधल्या खपाच्या यादीत इंग्रजी आवृत्तीच पहिली येऊन गेली होती.