छोटी पांढरी गोळी

देवगाव रंगारीहून रात्री-अपरात्री पेशंट संभाजीनगरला, घाटीत न्यायचा म्हटलं की घरात धावपळ उडते. गाडी बघा, पैसे घ्या, आधार कार्ड घ्या. गोळ्यांची पिशवी मात्र खिळ्याला तशीच लटकत राहते. तिकडे डॉक्टर विचारतात, "कसल्या गोळ्या चालू आहेत?" मुलगा सांगतो, "छोटी पांढरी आहे, सकाळची."

छोटी पांढरी गोळी बीपीची असेल, शुगरची असेल, नाहीतर रक्त पातळ करणारी. पेशंटच्या डोक्याला मार लागलेला असेल आणि गोळी शेवटची निघाली, तर सगळा उपचारच बदलतो.

ही अडचण फक्त आपल्या खेड्यातली नाही. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावी, १९५३ साली लिंडा कॉलिन्स नावाच्या मुलीचं बोट कापलं. धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन देण्याआधी कातडीत किंचित टोचून पाहत, तेवढ्यानेच तिला जबर रिअॅक्शन आली. ती जेमतेम वाचली. वडील डॉ. मॅरियन कॉलिन्स स्वतः डॉक्टर, त्यामुळे घरात सगळ्यांना हे माहीत. पण मुलगी बाहेरगावी शिकायला निघाली तेव्हा त्यांना घोर लागला: ती बेशुद्ध पडली तर अनोळखी डॉक्टरला हे सांगणार कोण? आधी कागदाची चिठ्ठी झाली, मग चांदीचं ब्रेसलेट, त्यावर अॅलर्जी कोरलेली. त्यातून १९५६ मध्ये मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. आपलं घाटीचं मेडिकल कॉलेजही त्याच वर्षीचं!

तेव्हाचं ते अँटिटॉक्सिन घोड्याच्या रक्तापासून बनायचं. सर्पदंशावरची लसही मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांपासूनच बनत आली. म्हणून साप चावलेला माणूस आला की मी विचारतो, ही लस आधी कधी घेतली होती का, त्रास झाला होता का? (झाला असेल तरी गरज असल्यास लस द्यावीच लागते, फक्त तयारीनिशी. हे वाचून कोणी लस नाकारू नका.)

त्याआधी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या गळ्यातल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर रक्तगट आणि धनुर्वाताच्या लसीचं साल असे. त्यातले काही रक्तगट चुकीचे निघत. आपल्याकडेही पोरं हौसेने गाडीवर रक्तगट लिहितात. लिहा, पण त्यावर विसंबून कुणी रक्त चढवत नाही. गट पुन्हा तपासतातच. तुमची अॅलर्जी मात्र तपासत बसायला तेव्हा वेळ नसतो.

२००५ मध्ये इंग्लंडमधल्या बॉब ब्रॉची या अॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्याने सुचवलं, की जवळच्या माणसाचा नंबर मोबाईलमध्ये 'आयसीई' नावाने ठेवा. आता बहुतेक स्मार्टफोनमध्ये लॉक न उघडताही दिसेल अशी आजारांची माहिती भरता येते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी डॉक्टरसह येते. २०२१ पासून 'आभा'चा चौदा आकडी नंबर आहे. चांगली सोय आहे, पण तुमचे कागद त्याला जोडलेले हवेत, आणि ते बघायला तुमची संमती लागते. बेशुद्ध माणूस संमती कशी देणार?

आता माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला पेनिसिलिनची रिअॅक्शन आली होती. निभावली. त्याच्या केसपेपरवर मी लाल शाईने ठळक लिहिलं, 'पेनिसिलिन नको'. दोन वर्षांनी तो लेकीच्या गावी आजारी पडला, आणि तिथे त्याला त्याच गटाचं इंजेक्शन दिलं गेलं. चार दिवस तो आयसीयूत होता. नोंद अगदी व्यवस्थित होती, माझ्या कपाटात.

तेव्हापासून मी ही नोंद पेशंटच्याच हाती देतो. कुठे ठेवायची? आधारच्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूला लिहा, कारण आधार कुणीच विसरत नाही. कोणत्या औषधाची अॅलर्जी, रक्त पातळ करायची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे का, फिट येते का, हृदयात स्टेंट किंवा पेसमेकर आहे का, आणि घरच्या एका माणसाचा नंबर. गोळी बदलली की खाडाखोड करून नवी लिहा. आणि 'छोटी पांढरी' लिहू नका. पाकिटावरचं नाव जसंच्या तसं उतरवा. इंग्रजी जमत नसेल तर पाकीट घेऊन दवाखान्यात या, कंपाउंडर लिहून देईल. त्याचे पैसे लागत नाहीत.