दुरून दिलेली साथ

१९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. आम्हा तिरोडीकरांचे कान मात्र १९४८ मध्ये सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीलाच लागलेले राहिले. दुरून ऐकता येत होतं. दुरून साथ देता येत नव्हती.

साथ द्यायची तर एका खोलीत बसायला हवं, हा नियम ध्वनिमुद्रणातही बराच काळ टिकला. १९०२ साली गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा गाणारी आणि साथीदार एकाच कर्ण्यासमोर होते. हा नियम ठळकपणे मोडला तो लेस पॉल या अमेरिकी गिटारवादकाने, १९५० च्या आसपास. आधी वाजवलेलं ऐकत त्यावर तो पुन्हा वाजवी. वेगवेगळ्या वेळी वाजवलेलं एकत्र ऐकू येऊ लागलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा आमच्या खंजिरी-भजन मंडळाचे पेटीवाले काका पुण्याला मुलाकडे अडकले. (मी जैन, पर्युषणातल्या आमच्या स्तवनांनाही पेटी त्यांचीच.) व्हिडिओ कॉलवर भजन धरलं आणि चार ओळींत लय बसली. नाडी पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते लगेच कळलं. आवाज पोचायला साधारण २५-३० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि सगळेच मंदावतात. खोलीत दहा मीटरवर बसलेल्याचा आवाजही तेवढाच वेळ घेतो. व्हिडिओ कॉलवर मात्र तो कितीतरी पट लागतो. शिवाय ही यंत्रणा बोलण्यासाठी केलेली. पेटीचा लांबवलेला सूर ती गोंगाट समजून दाबते.

यावर तोडगे निघालेले आहेत. स्टॅनफर्डच्या संशोधकांचं जॅकट्रिप हा उशीर जमेल तितका कमी करतं. मला जास्त आवडली ती २००५ च्या निंजॅमची युक्ती. ते उशीर कमी करत नाही, मुद्दाम वाढवतं. प्रत्येकाला इतरांचं मागचं पूर्ण आवर्तन ऐकू येतं. आपल्या तालाच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही!

आम्ही सोपा मार्ग धरला. काकांनी मेट्रोनोमवर पेटी मुद्रित करून पाठवली. बाकीच्यांनी ती कानात ऐकत आपापलं गायलं, वाजवलं. सुरुवातीला प्रत्येकाने मोजून एक टाळी दिली. संगणकावर ऑडॅसिटीत त्या टाळ्या एका रेषेत आणल्या की भजन जुळलं. मग खंजिरी थोडी खाली, गळा थोडा वर. औषधाच्या मात्रेपेक्षा याला जास्त वेळ लागला.

काकांच्या मुद्रणात शेवटी खोकला होता, कुकरची शिट्टी होती, आणि "डॉक्टर, जमलं का हो?" असा प्रश्न होता. मी ते सगळं कापलं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काका गेले. तयार भजन मंडळातल्या सगळ्यांकडे आहे. न कापलेली फाइल माझ्या दवाखान्यातल्या संगणकावर आहे. तिच्या दोन प्रती मी काढून ठेवल्या आहेत.