श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही महाराष्ट्रातील अमरावती शहरातील शारीरिक शिक्षणसंस्था आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी 'हनुमान क्लब' या नावाने सुरू केलेल्या व्यायामशाळेतून तिचा विस्तार झाला. संस्थेच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयामुळे तिचे क्रीडांगण विदर्भातील महाविद्यालयीन खेळांचे एक प्रमुख केंद्र ठरले.

इतिहास

आरंभी येथे कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम आणि हुतुतू शिकवले जात. उन्हाळी वर्गांसाठी दूरच्या गावांतून तरुण येत आणि परत गेल्यावर आपापल्या गावी व्यायामशाळा चालवत. क्रांतिकारक शिवराम हरी राजगुरू यांनीही येथे काही काळ शिक्षण घेतले होते.

बर्लिन, १९३६

१९३६ साली ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे हुतुतूसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्यामुळे कबड्डी हा त्या ऑलिंपिकमधील 'प्रदर्शनीय खेळ' होता, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. त्या वर्षी अधिकृत प्रदर्शनीय खेळ दोनच होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग. १२ ऑगस्ट रोजी ऑलिंपिक स्टेडियममध्ये दोन अमेरिकी हौशी संघांत बेसबॉलचा सामना झाला. अमरावतीच्या पथकाची प्रात्यक्षिके स्पर्धेच्या कार्यक्रमाबाहेरची होती; मात्र आखाड्यातले खेळ परदेशी क्रीडाशिक्षकांसमोर मांडण्याच्या या प्रयत्नाचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. पुढे कबड्डीला १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांत पदकाचा दर्जा मिळाला, तर बेसबॉलला १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये.

विद्यापीठ आणि मैदान

१ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा यांच्यासह वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालयेही त्याच्याच कक्षेत येतात. वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा होय.

असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत बेसबॉलचाही समावेश आहे. अमेरिकेत विद्यापीठे या एका खेळासाठी स्वतंत्र स्टेडियम बांधतात. लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या ॲलेक्स बॉक्स स्टेडियममध्ये दहा हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. भारतात मात्र बहुधा सामाईक मैदानावरच चुन्याने रेषा आखून सामने होतात. अडचण मुख्यतः जागेची असते. बेसबॉलच्या दोन बेसमधील अंतर २७.४३ मीटर असते, आणि पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. म्हणजे चौकटीच्या एका बाजूच्या लांबीत कबड्डीची दोन मैदाने एकापुढे एक मावतात. त्यापलीकडे बाहेरचे क्षेत्र वेगळेच. मोठ्या मैदानांत मध्यभागी ते होम प्लेटपासून सुमारे १२० मीटरपर्यंत पसरलेले असते.